नांगर सोड

नाशिकला समुद्र नाही, ही माहिती मला आजवर शेकडो लोकांनी दिली आहे, आणि प्रत्येकानं अशा चेहऱ्यानं दिली आहे की जणू हा शोध त्यालाच पहिल्यांदा लागला. लग्नाच्या पंगतीत शेजारचा विचारतो, "आपण काय करायचात?" मी सांगतो, "मुलांना होडी चालवायला शिकवायचो. वल्ही, शीड, सुकाणू, सगळं." तो दोन घास खातो, विचार करतो आणि म्हणतो, "पण नाशिकला समुद्र कुठंय?" सुरुवातीला मी गंगापूर धरण, त्याचा पाणपसारा, पश्चिमेचा वारा असं सविस्तर समजावत बसायचो. पुढे पुढे "आम्हीही तोच शोधतोय" असं सांगून जिलेबीकडे वळू लागलो.

मी मूळचा पंचवटीतला. आमच्या घराण्यात गोदावरीपेक्षा मोठं पाणी कोणी पाहिलेलं नव्हतं. लष्करात जायचं म्हणून भरतीला गेलो आणि चुकीच्या रांगेत उभा राहिलो. ही नौदलाची रांग आहे हे कळलं तेव्हा निम्मी रांग माझ्या मागे होती आणि बाहेर पडायला कोणी जागा देईना. अशा रीतीनं मी खलाशी झालो. पंधरा वर्षं खारं पाणी खाऊन नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पेन्शन घेऊन घरी आलो, तेव्हा वय होतं पस्तीस आणि येत होतं काय, तर दोर वळणं, होडी वल्हवणं आणि ओरडणं. यातलं तिसरं सोडलं तर नाशकात कशालाच गिऱ्हाईक नव्हतं.

त्याच सुमारास व्यापारी जहाजावरचे एक निवृत्त कप्तान हवा चांगली म्हणून गंगापूर रोडला राहायला आले होते. मुंबईच्या एका छोट्या ट्रस्टशी त्यांचा संबंध होता. दहावीच्या आसपास अडलेल्या, कंटाळलेल्या, भरकटलेल्या पोरांना पाण्यावर आणायचं आणि शिस्त नावाची गोष्ट भाषणाशिवाय शिकवायची, अशी त्यांची कल्पना. त्यांनी ट्रस्टकडून दोन मोडीत निघालेल्या लाकडी होड्या मिळवल्या आणि ट्रकवर लादून कसारा घाटातून वर आणल्या. घाट चढून आलेल्या होड्या बघायला इगतपुरीपासून लोक उभे होते म्हणे. कप्तानसाहेबांनी मला बोलावून विचारलं, "ओरडता येतं ना?" तिथंच माझी नेमणूक झाली.

आता ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमची होडी सत्तावीस फुटांची, दोन्ही टोकांना निमुळती. पाच जण वल्ही मारतात आणि मागच्या टोकाला एक जण सुकाणू धरून बसतो. गंमत अशी की वल्ही मारणारे पाचही जण उलटे बसतात. होडी जिकडे चालली आहे तिकडे त्यांची पाठ असते. पुढं काय आहे ते फक्त सुकाणूवाल्याला दिसतं. तो हुकूम देतो आणि बाकीच्यांनी तो बिनबोभाट पाळायचा. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला, ज्याला घरी आईनं सांगितलेलं एक काम धड करायचं नसतं, त्याला असं पाठ करून बसवायचं आणि दुसऱ्या पंधरा वर्षांच्या पोराच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला लावायचं, एवढाच आमचा अभ्यासक्रम. बाकी गाठी, झेंडे, वारा, पोहणं ही सगळी फोडणी.

हौसेनं आलेली पोरं थोडी, पाठवलेली जास्त. पिंपळगाव बसवंतचे एक द्राक्षबागायतदार आपल्या मुलाला जीपमध्ये घालून घेऊन आले आणि म्हणाले, "याला बोट आली नाय तरी चालंल. सकाळी उठवून दाखवा फक्त." पंचवटीतल्या एका आजींनी नातवाला पाठवण्याआधी मला घरी बोलावून विचारलं की धरण ओलांडलं तर ते समुद्र ओलांडल्यात धरतात का, आणि धरत असतील तर परत आल्यावर काय करायचं. मी म्हटलं, "आजी, आम्ही पलीकडे जात नाही. मधेच फिरून परत येतो." त्यांचं समाधान झालं. नातू मात्र पहिल्याच दिवशी पलीकडच्या काठावर जाऊन पेरू खाऊन आला. हे मी आज प्रथमच कबूल करतो आहे.

दिगंबर मात्र स्वतःहून आला होता. सायखेड्याचा. रविवारी साडेसहाला धरणावर हजर राहायचं म्हणून तो शनिवारीच नाशिकला मावशीकडे मुक्कामाला यायचा. दहावीत गणित आणि इंग्रजी गेलेले. नदीकाठचं पोर असल्यामुळं पोहायला शिकवायची गरज नव्हती. भोपळे बांधून गोदावरीत टाकलेलं ते पोरगं, पाण्याला घाबरायचा प्रश्नच नव्हता. पहिल्या दिवशी त्यानं मला एकच प्रश्न विचारला.

"सर, मोठ्या बोटीवर जेवण फुकट असतं का?"

"असतं."

"मटण?"

"असतं की. आठवड्यातून दोनदा तरी."

त्यानं मान हलवली आणि त्याच क्षणी त्याचं ठरलं. पोरांच्या मनात ध्येय कसं रुजवावं यावर मी पुढे पुष्कळ व्याख्यानं ऐकली, पण मटणाचा मुद्दा एकाही विद्वानानं मांडला नाही.

ट्रस्टच्या ओळखीनं दरवर्षी आमच्याकडच्या दोन पोरांना मुंबईला खलाशाच्या प्रशिक्षणासाठी पाठवता यायचं. अट एकच, दहावी पास. दिगंबरनं त्या दोन जागांतली एक मनानंच आपल्या नावावर लिहून टाकली आणि ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म भरला. आमचाही नियम होता, अभ्यासाची वही दाखवल्याशिवाय होडीत पाय ठेवायचा नाही. तो दर रविवारी वही दाखवायचा. फळ्यावरचा कोन त्याला कधी कळला नाही, पण वाऱ्याशी किती तिरकं राहिलं की शीड फुगतं हे त्याला मी सांगायच्या आधी कळायचं. मग आम्ही वहीतला प्रत्येक कोन वाऱ्यावर नेऊन बसवला. गाठींच्या बाबतीत तर मी त्याला काही शिकवलं असं म्हणणं म्हणजे खोटेपणा होईल. नौदलात जी गाठ घालायला मला आठ दिवस लागले होते, ती त्यानं एका हातानं घालून दाखवली.

"ही आमच्याकडं वासराच्या गळ्यात बांधतो, सर. फास बसत नाय."

आणि आता ज्या गोष्टीचा मला सगळ्यात जास्त अभिमान होता ती सांगतो, कारण सगळा घोळ तिनंच केला. नौदलातले सगळे हुकूम इंग्रजीत. आमची पोरं ते पाठ करायची, पण तोंडात येईपर्यंत त्यांचं भलतंच काही व्हायचं. 'गिव्ह वे टुगेदर' म्हणजे सगळ्यांनी मिळून वल्ही मारा, हा हुकूम हरसूलकडच्या पोरांच्या तोंडी 'गव्हात गाढव' असा झाला होता आणि तो तसाच जोरात दिला जायचा. कप्तानसाहेबांनी कपाळाला हात लावला. तेव्हा मी पुढे होऊन सांगितलं, "मी सगळे हुकूम मराठीत करतो." एका बैठकीत केले. वल्ही धरा. ओढा. थांबा. उलटी मारा. होडी थांबवल्यावर नांगर पाण्यात सोडायचा, त्याला इंग्रजीत 'लेट गो' म्हणतात. लेट गो म्हणजे सोड. मी लिहिलं, 'नांगर सोड'. कागद टाइप करून धक्क्यावरच्या आमच्या शेडमध्ये लावला. खाली माझं नाव घालायलाही विसरलो नाही.

नांगर टाकायचं काम होडीच्या अगदी पुढच्या टोकाला बसणाऱ्याचं. ती जागा एका ठरावीक मुलाची होती. बाकीचे त्याच्याकडे पाठ करून बसायचे, त्यामुळे हुकूम आणि पाठोपाठ 'धबाक' असा आवाज, एवढंच त्यांना माहीत. पुढं नेमकं काय होतं ते कोणी कधी पाहिलेलं नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटी मुंबईहून ट्रस्टची माणसं पाहणीला यायची होती. आम्हाला त्यांच्याकडे तिसरी होडी मागायची होती. आदल्या दिवशी त्या ठरावीक मुलाला कांजिण्या आल्या. मी त्याच्या जागी दिगंबरला बसवलं. सर्वांत ताकदीचा, सर्वांत भरवशाचा. "नांगराचं बघशील ना?" असं विचारलं. "बघतो की, सर. त्यात काय?" तो म्हणाला. ज्या घरात जन्मल्यापासून नांगर आहे त्या घरातलं पोरगं आणखी काय म्हणणार? पण तेव्हा हे माझ्या डोक्यात आलं नाही.

पाहुणे धक्क्यावर खुर्च्या टाकून बसले. सुकाणूवर शुभांगी, अकरावीतली मुलगी, आवाज असा की धरणाच्या भिंतीवरचे बगळे उडावेत. मी तिच्या शेजारी, कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून. होडी पाण्यावरून अशी आली की कप्तानसाहेब उभे राहिले. पाचही वल्ही एकदम वर, एकदम खाली. धक्क्यापासून तीस-चाळीस हातांवर शुभांगीनं ओरडून सांगितलं, "थांबा." वल्ही थांबली. "नांगर सोड."

दिगंबर उठला, पुढे वाकला, काहीतरी केलं आणि परत येऊन बसला. 'धबाक' झालंच नाही.

वारा चांगला सुटलेला होता. होडी हळूहळू आडवी होऊन सरकायला लागली.

"नांगर सोड," शुभांगी पुन्हा ओरडली.

"सोडला," दिगंबर म्हणाला.

"अरे, सोड ना."

"सोडला की. कवाच सोडला."

मी उभा राहून पाहिलं. नांगर होडीच्या टोकाशी जिथल्या तिथं. दोर त्याच्यापासून सोडवलेला, कोपरावर वेटोळं करून शेजारी व्यवस्थित ठेवलेला. आमच्या नांगराची कडी गंजून तुटल्यापासून आम्ही दोर थेट नांगरालाच बांधत होतो. ओल्या दोराची ती करकचून बसलेली गाठ पोरानं दोन क्षणांत सोडवली होती. धक्क्यावर पाहुणे, वारा आम्हाला ढकलतो आहे, आणि हे ध्यान हात झाडून बसलं आहे. मी ओरडलो, "अरे गाढवा, पाण्यात टाक तो."

हुकूम म्हणजे हुकूम. दिगंबरनं एका शब्दानं विचारलं नाही. वीसेक किलोचा नांगर दोन्ही हातांनी उचलला आणि पाण्यात टाकला. दोराशिवाय.

यावेळी 'धबाक' झालं. सगळ्यांनी ऐकलं.

पुढचा अर्धा तास पाहुण्यांनी जे पाहिलं ते थोडक्यात सांगतो. काठाजवळ पाण्यात निम्म्या बुडालेल्या बाभळी होत्या. होडी आडवी होऊन त्यात शिरली. माझ्या पांढऱ्या कपड्यांत काटे भरले. एक फळी तडकली. पाहुण्यांपैकी एक बाई हसू दाबत पोहे खात होत्या, ते मला एवढ्या लांबूनही दिसत होतं. शेवटी आम्हाला दुसऱ्या होडीनं ओढून काढलं. पाहुणे "पाहू या" असं म्हणून गेले.

इथवर हसण्यासारखं आहे, आणि मीही ही गोष्ट कितीतरी वेळा हसत सांगितली आहे. पण पुढचं सांगताना मला आजही लाज वाटते. सगळ्या पोरांसमोर मी दिगंबरला उभं केलं आणि म्हणालो, "ज्याला नांगर कळत नाही त्यानं पाण्यावर येऊ नये. जा घरी. बैलामागं चाल. तीच तुझी लायकी." त्यानं लाइफ जॅकेट काढलं, खुंटीला नीट अडकवलं, चपला घातल्या आणि निघून गेला.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. शुभांगी माझ्यासमोर येऊन म्हणाली, "सर, त्याच्या मावशीकडे जाऊन आले. तो ऑक्टोबरला बसणार नाही म्हणतो. दहावीही नको आणि बोटही नको." असं म्हणून ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मी तिला दोर धुवायला पाठवलं.

आमच्याकडे सामान हरवलं की अहवाल लिहायचा असे. मी लिहिला. वस्तू: नांगर, एक. कारण: खलाशाचा निष्काळजीपणा. कप्तानसाहेबांनी चष्मा लावून वाचला आणि कागद परत माझ्याकडे सरकवला.

"खलाशाचा जबाब कुठंय?"

"त्यात जबाब काय घ्यायचा, साहेब? मी समोर होतो."

"त्याला विचारलंत का?"

"नाही."

"मग तुम्ही समोर नव्हतात. जबाब घेऊन या."

आता रागावून का होईना, जावं लागणार होतं. एका खिशात कोरा कागद, दुसऱ्यात पेन, अशा थाटात मी स्कूटरवरून सायखेड्याला निघालो. घरून निघताना बायकोनं विचारलं, "कुठं?" मी म्हटलं, "जबाब घ्यायला." ती म्हणाली, "घ्यायला की द्यायला?" मी स्कूटरला जोरात किक मारली.

दिगंबरच्या घरी त्याची आई भेटली. मला खाटेवर बसवून तिनं पाणी दिलं आणि मी कोण ते विचारून घेतलं. मग म्हणाली, "पोरगं रोज पहाटं उठून बसतं. आन् मग काय करावं ते त्याला कळत नाय. तुम्हीच लावलेली सवय हाय, तुम्हीच मोडा." शेत जवळच होतं. ती म्हणाली, बापलेक तिकडंच आहेत.

रांगड्या कांद्यासाठी रान तयार करणं चाललं होतं. दिगंबरचे वडील, त्यांना सगळे अण्णा म्हणत, नांगर धरून शेवटचा तास, म्हणजे नांगराची शेवटची चर, काढत होते. दिगंबर बांधावर खुरपं घेऊन बसलेला. मी बाभळीच्या सावलीत थांबलो. दोघांचंही माझ्याकडे लक्ष नव्हतं. अण्णांनी तास संपवला, बैल थांबवले, पटक्यानं तोंड पुसलं आणि हाक मारली.

"दिग्या, नांगर सोड."

दिगंबर उठला. नांगरापाशी जाऊन वाकला. बैलांच्या मानेवरच्या जुवाला बांधलेला दोर दोन क्षणांत सोडवला, कोपरावर त्याचं वेटोळं केलं, बांधावर व्यवस्थित ठेवलं आणि हात झाडले. नांगर तासात तसाच उभा राहिला. बैल मोकळे झाले. काम संपलं.

मी तिथंच खाली बसलो. जे मी होडीत पाहिलं होतं तेच, तसंच, त्याच क्रमानं. ते वेटोळंसुद्धा. पोरगं गडबडलं नव्हतं, घाबरलं नव्हतं. त्याला लहानपणापासून जे सांगत आले तेच मी सांगितलं आणि त्यानं ते चोख केलं. मी पंचवटीत वाढलेला माणूस, बैल पाहिला तो पोळ्याला. इंग्रजीतला शब्द उचलून मराठीत ठेवला आणि हा शब्द इथं आधीच कामाला लागलेला आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

अण्णांनी मला पाहिलं. बैल झाडाला बांधून आले, शेजारी बसले. मी कोण, ते त्यांनी ओळखलं असावं.

"सायेब, पोराचं काय चुकलं? तो म्हणतो, नांगर सोड म्हणले, मी सोडला."

"काही चुकलं नाही, अण्णा."

"मग लायकी कशाला काढली?"

दिगंबर थोडा लांब उभा होता. मी त्याला म्हणालो, "दिगंबर, चूक माझी होती. मी हुकूम चुकीचा दिला आणि वर तुला बोललो." पंधरा वर्षांच्या नोकरीत आणि त्यानंतरही मी हाताखालच्या माणसाला असं काही म्हटलेलं नव्हतं. मला वाटलं, आता हा विरघळेल.

तो म्हणाला, "इथं ऐकायला कोण हाय, सर? बैल? तुम्ही बोलले सगळ्यांसमोर. हे पण सगळ्यांसमोर बोला."

अण्णा दुसरीकडे बघायला लागले, पण त्यांच्या मिशा हलल्या. मी म्हटलं, "रविवारी ये." तो म्हणाला, "बघतो." मग मी कोरा कागद काढला आणि विचारलं, "बरं, मग हुकूम काय असायला हवा?" तो खुरप्यानं माती उकरत म्हणाला, "नांगर टाक म्हणा ना, सर. टाक म्हणजे टाक. त्यात कोणाचा घोळ व्हायचा नाय." मी लिहून घेतलं. जबाब म्हणून मला मिळालं ते एवढंच.

त्या रविवारी मी सगळ्यांना धक्क्यावर ओळीत उभं केलं. दिगंबर आला नव्हता. साडेसहा झाले, पावणेसात झाले. कप्तानसाहेब घड्याळ बघत होते. शेवटी मी छाती काढून उभा राहिलो आणि म्हणालो, "त्या दिवशी नांगर हरवला, तो माझ्यामुळं. दिगंबरनं हुकूम बरोबर पाळला. मी त्याला जे बोललो ते बोलायला नको होतं." पोरांना वाटलं, ही नवीन कवायत आहे. ओळीतल्या एकानं शेजाऱ्याला विचारलं, "आपणपण म्हणायचं का?"

एवढ्यात बांधावरून दिगंबर धावत आला. सिटी बस चुकली होती. धापा टाकत ओळीच्या टोकाला उभा राहिला आणि शुभांगीला विचारलं, "झालं का?"

"झालं."

"काय म्हणले?"

शुभांगी बेरकी. ती म्हणाली, "मला नाही सांगता येणार. सरांनाच विचार."

मी कप्तानसाहेबांकडे पाहिलं. ते धरणाचा देखावा बघत होते. मग मी पुन्हा म्हणालो, पहिल्यापासून, सगळं. दिगंबरनं ऐकून घेतलं, खुंटीवरचं लाइफ जॅकेट काढलं आणि होडीत जाऊन बसला. मी अहवालातलं कारण खोडून नवीन लिहिलं: 'हुकूम देणाऱ्याचं मराठी.' कप्तानसाहेबांनी सही केली. नांगर पुढे मे महिन्यात पाणी आटल्यावर चिखलात सापडला. तिसरी होडी मात्र आम्हाला कधी मिळाली नाही.

परीक्षेला तीन आठवडे उरले होते. शुभांगीनं त्याचं इंग्रजी घेतलं, मी गणित घेतलं. माझ्या गणितामुळं तो पुन्हा नापास होईल अशी मला धास्ती होती, म्हणून पिंपळगावच्या त्या द्राक्षवाल्यांच्या मुलाला मदतीला घेतलं. तो गणितात हुशार निघाला, फक्त दुपारी बारानंतर. निकाल लागला तेव्हा दिगंबर मार्कशीट घेऊन थेट धरणावर आला. इंग्रजीत बेचाळीस, गणितात पस्तीस. मी पस्तीसवर बोट ठेवून विचारलं, "हे नेमकं कसं जमवलंस?" तो म्हणाला, "जेवढं लागतं तेवढंच काढलं, सर." त्या वर्षी मुंबईला पाठवायच्या दोन नावांत त्याचं नाव पहिलं लिहिलं.

जूनमध्ये तो निघाला. महामार्ग स्टँडवर अण्णा आले होते. पहिल्यांदाच त्यांना गावाबाहेर, स्वच्छ धोतरात पाहिलं. कप्तानसाहेबांसाठी त्यांनी कांद्याची एक गोणी आणली होती आणि ती कोणी उचलायची यावरून बापलेकांची थोडी बाचाबाची झाली. दिगंबर गाडीत खिडकीपाशी जाऊन बसला. मटणाच्या आशेनं की काय, चेहरा खुललेला होता. अण्णा माझ्याजवळ आले, जरा घुटमळले.

"सायेब, एक इचारू का? मोठ्या बोटीवर चुकलं तर असंच बोलतात का?"

खोटं बोलायची ही वेळ नव्हती. "याहून वाईट बोलतात, अण्णा."

"आन् मग घरी येतात का कोणी, समजूत घालायला?"

"नाही. तिथून कोणी येत नाही."

अण्णा खिडकीपाशी गेले, गजाला धरून वर बघत म्हणाले, "दिग्या, कोणी बोललं तर तिथल्या तिथं इचारायचं, माझं काय चुकलं म्हणून. तोंड पाडून घरी येऊन बसायचं नाय. तिथनं सायखेड्याला यष्टी नाय."

दिगंबर हसला आणि हो म्हणाला. गाडी सुटली. मला मात्र हसू येईना. ते वाक्य त्याच्यासाठी होतं, पण लागलं मला. पंधरा वर्षं मी लोकांच्या शिव्या खाल्ल्या होत्या आणि एकदाही, एकाही साहेबाला, माझं काय चुकलं हे मी विचारलं नव्हतं. विचारता येतं, हेच मला कोणी सांगितलं नव्हतं.

अण्णांनी गाडी वळेपर्यंत हात हलवला. मग आम्ही दोघांनी मिळून कांद्याची गोणी माझ्या स्कूटरवर चढवली.